दम धर

आमच्या घरात 'दम धर' म्हणायला बंदी होती. पाहुण्यांना हे ठाऊक नसायचं. कुणीतरी ओटीवर बसून सहज बोलून जायचं, जरा दम धर, एवढा चहा संपवतो आणि निघू, आणि आत स्वयंपाकघरात आईच्या हातातली पळी थांबायची. वडील घसा साफ करायचे. पाहुण्याला वाटायचं चहाचंच काहीतरी चुकलं. गावात आमची थट्टा व्हायची, की या घराला एका शब्दाने दम भरलाय. थट्टा करणाऱ्यांना कारण चांगलं माहीत होतं, तरी करायचे. गाव म्हटलं की एवढं चालायचंच.

खरं तर मराठी माणसाचं या शब्दावाचून पान हलत नाही. चढ चढला की दम लागतो, मग सावलीत बसून आपण दम खातो. मास्तर दम देतात, पुढाऱ्याच्या भाषणात दम नसतो, आणि घाई करणाऱ्या पोराला आपण दम धरायला सांगतो. छातीतला श्वास, अंगातला जोर, धाक आणि सबुरी, सगळं एकाच शब्दात कोंबून ठेवलंय. ज्याने कोंबलं त्याला एकदा आमच्या विहिरीच्या पायरीवर उभं करावं, असं मला अजून वाटतं.

आमचं गाव कर्जतहून पळसदरीकडे जाताना लागतं. मे महिन्यात भाताची खाचरं तडकून जायची आणि शेतातल्या विहिरीचं पाणी खाली जाऊन स्वच्छ व्हायचं. ही विहीर आमच्या घराच्या आणि माझ्या आत्याच्या घराच्या बरोबर मध्ये होती. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिला गावातच दिली होती, त्यामुळे तिच्या माहेर-सासरात एका शेताचं अंतर. ती रागावून माहेरी यायला निघाली तरी विहिरीपाशी येईतो राग निवतो, असं वडील म्हणायचे. मला वाटतं त्यात थट्टा कमी आणि खरं जास्त होतं, कारण आत्याला त्या विहिरीजवळ शांत वाटायचं हे आम्ही सगळेच पाहत होतो.

पंचक्रोशीत आत्याचं नाव होतं ते बुडीसाठी. कुणाची कळशी विहिरीत पडली की आधी गळ टाकायचे, म्हणजे लोखंडी आकड्यांचा झुबका दोराला बांधून तळाशी फिरवायचा. गळाला काही लागलं नाही की आत्याला बोलावणं यायचं. ती हातातलं काम टाकून जायची. नऊवारीचा काष्टा घट्ट करायची, बांगड्या कोपराकडे सारायची, पायऱ्या उतरून पाण्यात शिरायची आणि दिसेनाशी व्हायची. काठावरच्या बाया एकमेकींकडे बघू लागायच्या, आणि त्यांचा धीर सुटायच्या बेतात असताना कळशी आधी वर यायची, मागून आत्या. मग कळशीवालीला ती चांगली सुनवायची. दोर कुजलाय हे डोळ्यांना दिसत नाय का, ही गाठ हाय का गुंता. तेवढं सुनावलं की तिचं पोट भरायचं, दुसरं काही ती घेत नसे.

आपल्या दोन्ही मुलांना तिने पोहायला शिकवलं आणि ते रेल्वेत लागून बाहेर गेले. मग उन्हाळ्यात आमची पाळी आली. पासष्ट-सहासष्टचा सुमार असेल. मी बारा वर्षांची होते, वाडीतली काही पोरं होती, आणि मोहोपाड्याहून आलेला माझा चुलतभाऊ होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. त्याचे वडील, म्हणजे माझे काका, तिथल्या रसायनाच्या कारखान्यात लागले होते आणि वसाहतीत राहायचे. भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की डबा घेऊन निघायचं, अशा ठिकाणी तो वाढलेला. सांगितलेलं काम सांगितल्याबरोबर करायचा. आम्ही त्याला नळाच्या पाण्यावरचं पोरगं म्हणून चिडवायचो, विहिरीला तोटी कुठंय ते शोध म्हणायचो, आणि तो बिचारा हसायचा.

आत्याची शाळा विहिरीत सुरू होत नसे, अंगणात व्हायची. आधी पाण्याने भरलेल्या घंगाळात तोंड बुडवून डोळे उघडे ठेवायला शिकायचं. कुणी ठसका लागून बाहेर आला तर आत्या म्हणायची, घंगाळात बुडालास रं, विहिरीचं नाव काढू नको. ते जमलं की पाठीला रिकामा तेलाचा डबा बांधून पोहणं, मग डब्याशिवाय, आणि सगळ्यात शेवटी बुडी. बुडीच्या आधी ती स्वतः आत जाऊन यायची. एखादी पाणदिवड, म्हणजे पाण्यातला साप, आहे का, तळाशी काही फुटकं पडलंय का, हे बघितल्याशिवाय ती कुणाला पाण्याला पाय लावू द्यायची नाही. जेवून आलेल्याला ती हाताने परत फिरवायची.

तिचं सगळं शिकवणं दमाभोवती होतं. बुडी मारण्याआधी लोहाराच्या भात्यासारखा भराभरा श्वास ओढायचा नाही. त्याने जास्त वेळ खाली राहता येतं असं पोरांना वाटतं, आणि खालच्या खाली डोळे मिटतात, असं ती सांगायची. एकच दम घ्यायचा, शांतपणे, पोटापासून. कानात दडा बसला तर घोट गिळायचा, आणि तरीही दुखलं तर मुकाट्याने वर यायचं. वर येताना एक हात डोक्यावर धरायचा, कारण विहिरीच्या दगडाला माया नसते. कोण जास्त वेळ खाली राहतो अशी पैज लागली असं तिच्या कानावर आलं, तर दोघांनाही त्या दिवशी काठावर कपडे राखत बसावं लागायचं. पाण्याबरोबर पैज लावायची नाय, ते कंदीच हरत नाय, हे वाक्य आम्ही तिच्या आवाजात एकमेकांना ऐकवायचो.

दोर एकच होता, रहाटाचा जुना पण धड. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला तो बांधलेला असायचा आणि दुसरं टोक पायरीवर उभ्या राहिलेल्या आत्याच्या हातात. म्हणून पाण्याखाली एका वेळी एकच मूल. ती मध्येच दोराला हलका हिसका द्यायची आणि खालच्याने तसाच हिसका परत द्यायचा. उलट हिसका आला की ती वरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "हाय." एवढंच. आला नाही तर ती विचार करत बसणार नव्हती, ओढूनच काढणार होती. तशी वेळ कधी आली नव्हती.

बुडी मारायच्या क्षणी ती म्हणायची, "दम धर." मग आपण छाती भरून घ्यायची आणि जायचं. पुढे आणखी काही हुकूम नसे. छातीत हवा भरून घेतल्यावर बोलणी कसली करायची, असं तिचं म्हणणं होतं. आणि या सगळ्याच्या वर तिचा एक मोठा नियम होता, जो ती रोज पहिल्या पायरीवर आम्हाला उभं करून वदवून घ्यायची: पाण्याजवळ इचारायचं नाय, आयकायचं. तिने म्हटलं बाहेर ये की बाहेर. का, कशाला, आत्ताच का, हे घरी जाऊन. त्या काळात हे काही वेगळं नव्हतं. घरीही आम्ही प्रश्न विचारला की तोंड चालवतेस म्हणून ऐकून घ्यायचो. विहिरीपाशी तर ते अगदी रास्तच वाटायचं.

ज्याला तळ गाठता येईल त्याने तळाचा मूठभर गाळ वर आणून दाखवायचा, ही आमची परीक्षा. काळा, थंडगार, कुजक्या पानांचा वास येणारा तो गाळ. ज्याने आणला त्याच्या कपाळाला आत्या त्याच गाळाचं बोट लावायची आणि तो दिवसभर तोंड न धुता गावातून फिरायचा. मला तो गाळ हवा होता. सुट्टी संपत आली होती आणि माझा दम तळाच्या जरा वरच संपायचा.

तो दिवस मात्र माझा होता. आत्याने माझ्या कमरेला दोर बांधला, गाठ ओढून बघितली. चुलतभाऊ पाण्यालगतच्या रुंद दगडावर बसला होता. त्या दगडाला आम्ही पाट म्हणायचो, तिथे बसून आपल्या पाळीची वाट बघायची. माझ्यानंतर तोच होता. आत्या म्हणाली दम धर, आणि मी गेले.

खाली पाणी गार होत जातं, आणि मग एका ठिकाणी एकदम फार गार होतं. कानात दडा बसला, घोट गिळला, निघाला. वर बघितलं तर विहिरीचं तोंड ताटाएवढं दिसत होतं. आणि मग माझी बोटं गाळात गेली. मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हातांनी तो उपसला, आणि सगळं पाणी गढूळ करून टाकलं. दोराला हिसका आला, मी परत दिला, आणि मूठ आवळून वर निघाले. वाटेत माझ्या खांद्याला काहीतरी घासून खाली गेलं. मला मोठा मासाच वाटला. मी घाबरून मूठ सोडली.

वर काय झालं होतं ते मला नंतर सगळ्यांच्या तोंडून कळलं. चुलतभाऊ पाटावर उठून उभा राहिला होता. त्याला राहवत नव्हतं. त्याने विचारलं, आत्या, आता मी ना? आत्याचं सगळं लक्ष दोरावर होतं, माझ्याकडे. मान न वळवता ती म्हणाली, दम धर. म्हणजे थांब जरा, हिला वर येऊ दे. जगातली कुठलीही मराठी बाई म्हणेल तसंच ती म्हणाली. आणि त्याने, तिनेच महिनाभर शिकवल्याप्रमाणे, पोटापासून शांतपणे दम घेतला आणि दोर न बांधता उडी मारली.

मी वर आले तेव्हा आत्या रिकाम्या पाटाकडे बघत होती. ती ओरडली नाही. हातातला दोर तिने तिथेच टाकला, मला पायरी धरायला सांगितली आणि पाण्यात शिरली. मी गढूळ केलेल्या पाण्यात तिला काही दिसणं शक्य नव्हतं. ती एकदा वर आली, दम घेतला, परत गेली. मी पायरीला धरून होते आणि माझे दात वाजत होते. मे महिन्याच्या दुपारी.

पायऱ्यांच्या खाली, पाण्याच्या आत, एक कपार होती. तळाला जाऊन तो वर निघाला तो गढूळ पाण्यात वाट चुकून त्या कपारीत शिरला होता. डोक्यावर हात धरलेला होता म्हणून डोकं फुटलं नाही, पण वर दगड आणि बाजूला दगड. आत्याने त्याला चाचपून शोधलं, पायाला धरून बाहेर ओढलं आणि वर आणलं. पायरीवर पालथा घालून पाठ चोळली. त्याने पाणी ओकलं, खोकला, आणि मग मोठ्याने रडला. ते रडणं ऐकून मी जी रडायला लागले ती मला कुणी थांबवेना.

त्याच्या उजव्या मुठीत गाळ होता. तो त्याने सोडला नव्हता.

जरा सावरल्यावर आत्याने त्याला विचारलं, दोर नसताना गेलास कसा? त्याला प्रश्नच कळला नाही.

"तूच म्हणालीस ना," तो म्हणाला, "दम धर."

आत्याने दोर गुंडाळला. तेवढं मला स्वच्छ आठवतं, कारण ती नेहमी दोर वाळायला पसरून ठेवायची आणि त्या दिवशी तिने तो ओलाच गुंडाळला. दोर कुजवायची रीत कुणी शोधून काढायची म्हटली तर हीच सापडेल, आणि हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोहोपाड्याहून काकी आली. घरात सगळे धास्तावले होते. काकी मुलाला मांडीवर घेऊन ओटीवर बसली, पाणी प्यायली, आत्याला एका शब्दाने बोलली नाही. जाताना आत्याच्या पाया पडली. आणि पुढच्या उन्हाळ्यात मुलाला पाठवलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तो यायचा तो लग्नाकार्याला, आईचा हात धरून, आणि विहिरीच्या बाजूने कुणी त्याला जाऊ देत नसे. काकीचं पाया पडणं खरं की न पाठवणं खरं, असा प्रश्न मला तेव्हा पडायचा. आता वाटतं, दोन्ही खरंच होतं.

वडिलांनी आत्याची पुष्कळ समजूत घातली. शब्दाचा घोळ झाला, त्यात तुझं काय चुकलं, एक शब्द दोन कामांना वापरतो सगळा मुलूख. आत्या ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "शब्द माजाच व्हता ना." त्या घटनेनंतर कळशी काढायला ती जात राहिली, पण पोरांना पाण्यात न्यायचं तिने बंद केलं. आणि आईने, कुणी न सांगता, आमच्या घरातून तो शब्द काढून टाकला. घाई करणाऱ्याला आम्ही थांब म्हणायचो, कळ काढ म्हणायचो, फारच झालं तर सबुरीने घे म्हणायचो. चुकून कुणी बोललंच तर आत्या उठून आपल्या घरी जायची. रागाने नाही. नुसती जायची.

मला तिचा राग आला होता, हे सांगायला हवं. तळ मी आधी गाठला होता, आणि माझ्या कपाळाला काही लागलं नाही. पुढे कधी लागणारही नव्हतं. मी तिच्यामागे भुणभुण लावून पाहिली. ती म्हणायची, तू मोठी झालीस, आता कशाला. मी तेरा वर्षांची होते.

पोरं काही पाण्यावाचून राहत नाहीत. आत्याची शाळा बंद झाली म्हणून वाडीतली पुढची पोरं कोरडी राहिली असं नव्हे. ती आपापली शिकू लागली, कुणी ओढ्यात, कुणी नदीच्या डोहात, काठावर कुणी नसताना. पैजा लागायच्या, भाता चालायचा. आत्याला ते कळायचं आणि ती अस्वस्थ व्हायची. काही वर्षांनी एका उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतला एक मुलगा डोहात गेला तो जिवंत वर आला नाही. आत्या त्या घरी जाऊन आली. परतताना विहिरीपाशी थांबली. मी तिच्याबरोबर होते. पाण्याकडे बघत ती म्हणाली, "न शिकवून बी जातातच की गं."

मला वाटलं, आता ती दोर काढेल. पण नाही काढला. शिकवलं तरी भीती आणि नाही शिकवलं तरी भीती, अशा दोन दगडांमध्ये ती अडकली होती, आणि तिला पायाला धरून ओढायला कुणी नव्हतं. आम्हाला तिचं दुःख दिसत होतं, पण त्याला हात कसा घालायचा ते कळत नव्हतं. आम्ही फक्त शब्द टाळत राहिलो.

मग माझं लग्न झालं, मी खोपोलीला गेले. आत्या म्हातारी झाली आणि तिला दमा जडला. देवाला विनोदाची हौस असते म्हणतात, पण हा विनोद मला कधी आवडला नाही. जिचा दम पंचक्रोशीत नावाजलेला, ती चार पावलं चालून ओटीच्या खांबाला धरून उभी राहू लागली. आणि आमच्या घरात तर त्या आजाराचं नावही घेता येईना. वडील डॉक्टरांना सांगायचे, बहिणीला श्वासाचा त्रास आहे. डॉक्टर म्हणायचे, म्हणजे दमाच ना, आणि वडील नुसती मान हलवायचे.

शहाऐंशीच्या आसपासच्या एका मे महिन्यात मी माहेरी आले होते तेव्हा चुलतभाऊ आला. वडिलांच्याच कारखान्यात लागला होता, त्याच वसाहतीत राहायचा. बरोबर त्याची मुलगी होती, सात-आठ वर्षांची, वसाहतीतल्या इंग्रजी शाळेत जाणारी. इतके प्रश्न विचारणारं मूल मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बेडूक झोपतो कुठे, रहाट कुणी शोधून काढला, म्हशीला थंडी वाजत नाही का, आजी अशी शिट्टीसारखा श्वास का घेते. आमच्या लहानपणी यातल्या एकेका प्रश्नाला एकेक धपाटा पडला असता. माझ्या आईच्या हाताला खाज सुटल्याचं मला दिसत होतं.

चुलतभाऊ आत्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, हिला शिकव. सुट्टीत वसाहतीतली मंडळी पळसदरीच्या धरणावर सहलीला जातात, पोरं पाण्यात उतरतात, ही गप्प बसणाऱ्यातली नाही.

आत्या म्हणाली, "माज्याकडं कशाला आणलीस रं? मी तुला बुडवला व्हता."

तो हसला. मग हसायचा थांबला. त्या दिवसाबद्दल तो कधी कुणाशी बोलला नव्हता, निदान आमच्या घरात तरी.

"आत्या, मी बुडलो कुठं?" तो म्हणाला. "वाट सापडेना, वर दगड लागला. मग मी हातपाय हलवायचे बंद केले आणि दम धरून बसलो. तू शिकवलं होतंस तसा. तू येणार हे मला माहीत होतं."

त्याने तो शब्द उच्चारला आणि मी आत्याकडे बघितलं. ती उठून जाईल असं वाटलं. उठणं तिला आता सोपं राहिलं नव्हतं, पण ती गेली असती तर मी तिला धरून नेली असती. ती गेली नाही. पदराने तोंड पुसलं, खोकली, बराच वेळ खोकली. श्वास जागेवर आल्यावर तिने विचारलं, दोर कुठला आणलायस?

त्याने नायलॉनचा दोर आणला होता. आत्याने तो वास घेऊन बघितला, ओढून बघितला, गाठ मारून बघितली. हा कुजणार नाय पण गाठ धरणार नाय, असा निकाल देऊन तिने गाठीवर गाठ मारायची वेगळी रीत आपली आपणच शोधून काढली. दुसऱ्या दिवशी अंगणात घंगाळ आलं.

पोरीला पोहणं वसाहतीतल्या कुणीतरी थोडं शिकवलेलं होतं, त्यामुळे ती लवकर पुढे गेली. आत्या पाण्यात उतरू शकत नव्हती. पोरीबरोबर पाण्यात मी असायची, साडीचा काष्टा मारून, या वयात, आणि मला कुणी हसलं तर हसू दे म्हटलं. आधी विहीर तपासून यायचं कामही माझ्याकडे आलं. आत्या पायरीवर जुन्या पोत्यावर बसायची, दोर हातात. तिच्या शिकवण्यात सगळं जुनं होतं, भात्यासारखा श्वास नाही, पैज नाही, वर येताना डोक्यावर हात. फक्त पहिल्या पायरीवरचा तो मोठा नियम ती बोलली नाही, आणि बुडीच्या क्षणी ती काहीच म्हणायची नाही, नुसती मान हलवायची.

एका सकाळी पोर तळापर्यंत जाणार असं ठरलं. चुलतभाऊ काठावर उभा होता. मी पाण्यात एका बाजूला, कपारीच्या तोंडाशी, पायाने कपार अडवून. पोर पाटावर उभी राहिली, कमरेला दोर. आत्याने गाठ बघितली, दोर सैल केला. आणि सवय ही काय चीज असते बघा. मान हलवायच्या ऐवजी, वीस वर्षांपूर्वीच्या आवाजात, ती बोलून गेली.

"दम धर."

आत्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आपण काय बोललो ते तिलाही आत्ताच ऐकू आलं होतं. काठावर चुलतभाऊ हललासुद्धा नाही.

पोरीने मान वळवली आणि आत्याला विचारलं, "म्हणजे थांबू का जाऊ, आजी?"

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं, ते कशाचं होतं ते मी विचारलं नाही. एका हाताने तिने पोरीला थांबायची खूण केली, आणि पोर थांबली. काठावर आता चुलतभाऊही डोळे पुसत होता, आणि मी तर पाण्यातच होते, माझं कुणाला दिसणार होतं.

श्वास परत आल्यावर आत्या म्हणाली, "इचारलंस ते लई बरं केलंस. पाण्याजवळ काय कळलं नाय तं इचारायचं. म्या बोलले तरी इचारायचं. कितींदा बी इचार."

"आता थांबू का जाऊ?" पोरीने लगेच विचारलं.

"आता जा."

तिने पोटापासून शांतपणे दम घेतला आणि ती गेली. दोर आत्याच्या बोटांतून सरकत राहिला, मग सरकायचा थांबला. पाणी खालून गढूळ होऊ लागलं. आत्याने हलका हिसका दिला. आम्ही तिघंही दोराकडे बघत होतो.

दोर हलला.

"हाय," आत्या म्हणाली.